सावंतकाकांचा उजवा खांदा

आम्ही राहायचो त्या अरादला विमानतळ इतका जवळ, की विमान उतरताना आमचं पत्र्याचं छप्पर थरथरायचं. बहारीनला आलो त्या पहिल्या संध्याकाळी मी अंगणात मान वर करून उभा होतो. आमच्या गावात विमान म्हणजे ढगातला ठिपका. एवढ्यात एका दणकट माणसाने दंड धरून मला खोलीत ओढलं.

"झिला, वर काय बघतंस? भितर ये."

हे सावंतकाका. मालवणकडचे, जहाजदुरुस्तीच्या गोदीत फिटर. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. पण परक्या मुलखात कसं राहायचं, हे मला त्यांनी शिकवलं. विमान आलं की ते आत जात. गॅसचं सिलिंडर नेहमी डाव्या खांद्यावर घेत. उजव्यावर कुणी सहज हात टाकला, तरी हळूच काढून ठेवत.

"सावंता, विमान काय चावतं तुला?" खोलीतला कदम चिडवायचा.

"होय, चावता."

काका दर रजेला ज्या बोटीने जात ती मुंबईची बोट बंद झाली, त्याच वर्षी त्यांची आई अत्यवस्थ असल्याची तार आली. काका नुसते बसून राहिले. मी म्हटलं, "काका, विमानाने उद्या पोचाल." तेव्हा ते बोलले.

त्यांचं बालपण रंगूनचं. वडील बंदरात, इंग्रजांच्या नोकरीत. महायुद्धात जपानी विमानं पहिल्यांदा आली तेव्हा लपायचं असतं हे कुणाला ठाऊकच नव्हतं; अख्खी गल्ली बघायला रस्त्यावर आली.

"शेवंता, माझी धाकटी भैण. दिसत नाय म्हणान रडाक लागली. मीच तिका खांद्यार घेतलंय. माका कायच लागूक नाय."

वडीलही त्याच दिवशी गेले. मायलेक आराकानचे डोंगर चालत देशी आले. आईने शेवंताचं नाव पुन्हा काढलं नाही.

"आयेन माका बोल लावूक नाय, माफय करूक नाय. तिका इचारूचा ऱ्हवला."

दुसऱ्या दिवशी मी विमानतळावर सोडायला गेलो. खिडकीची जागा त्यांनी नाकारली. "तू घराक जा. बघत ऱ्हव नको," एवढंच म्हणाले.

महिन्याने परतले.

"भेटल्या?"

"भेटली. वाचा गेल्ली." उजव्या खांद्याला बोट लावून म्हणाले, "हय हात ठेवल्यान."

मी त्यांच्या उजव्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनी तो काढला नाही.

पुढे ते कायमचे गावी गेले आणि काही वर्षांत वारले. मला रजा मिळाली नाही. त्यांना खांदा द्यायला मी नव्हतो. बातमी कळली तेव्हा अंगणात होतो. विमान उतरत होतं, शेजारची पोरं हात हलवत होती.

मी आत गेलो.