मी लावलेला कौल

आणीबाणीत मी जत तालुक्यातल्या एका वाडीवर मास्तर होतो. पाढे शिकवायचे सोडून आम्ही नसबंदीसाठी माणसं शोधत फिरायचो. दोन ‘केस’ आण, नाहीतर घरी बस, असं साहेबांनी तोंडावर सांगितलं होतं. एक मी स्वतःच झालो. दुसरी मिळेना.

शाळेशेजारी एक मेंढपाळ राहायचा. त्याला एक मुलगी, एक मुलगा. गरीब स्वभावाचा माणूस, म्हणून मी त्याच्याच मागे लागलो. त्याचं एकच म्हणणं, “मास्तर, बिरोबाला इचारल्याबिगर न्हाई.” बायको म्हणाली, “आवं, वंशाला एकच दिवा हाय. देव व्हय म्हनला तरच.”

कौल लावायचा म्हणजे देवाच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पुजारी परगावी गेला होता. “तुमी शिकल्यालं, तुमीच लावा,” मेंढपाळ म्हणाला. मी उजवी पाकळी हळूच सदऱ्याला पुसून कोरडी केली आणि लावली. ती लगेच पडली. नवरा-बायकोनं हात जोडले. सुंठीवाचून खोकला गेला म्हणून मी खूश! लाज वाटायची अक्कल तेव्हा नव्हती.

त्याचं ऑपरेशन झालं. पुढच्या उन्हाळ्यात विहिरी तळाला गेल्या, ते गढूळ पाणी पिऊन पोरं आजारी पडली. त्याचा मुलगा जुलाब-उलट्यांनी दोन दिवसांत गेला.

मी भेटायला गेलो, तर त्याची बायको मलाच धीर देऊ लागली. “देवानंच व्हय म्हनलं हुतं. त्येच्या मनात काय तरी असंल.” मला तिथं बसवेना. महिनाभर मी त्यांची वाट टाळली. शेवटी एका दुपारी त्याला माळावर गाठलं आणि सगळं सांगून टाकलं. त्यानं काठी उगारावी असंच मला वाटत होतं.

त्यानं काठीनं एक चुकार मेंढरू कळपात वळवलं. मग म्हणाला, “ह्ये माज्या घरात बोलू नगा. देवाची मर्जी म्हनून ती सकाळी उठती, चूल पेटवती. मानसानं केलं म्हनल्यावर ती कशाच्या जिवावर उठंल?”

मी शब्द दिला. पुढं त्या वाडीवर मी आणखी चार वर्षं काढली. माझ्या हातून देव बोलला म्हणून ती रस्त्यात भेटली की माझ्या पाया पडायची, आणि मी पडू द्यायचो.