एका ताटाचं पाणी

बायको गेली त्या उन्हाळ्यात मला कळलं, की एकट्या माणसाच्या घरात भांडी धुतलेलं पाणीसुद्धा पुरेसं निघत नाही.

शिवाजी पेठेतलं आमचं परस ते केवढं, चार पावलांचं. त्यात तिनं संक्रांतीनंतर दोडका लावलेला. पाडव्याच्या आधी त्यातला एक सरळसोट दोडका तिनं बियाण्याला राखला आणि कोणी तोडू नये म्हणून देठाला जुन्या साडीच्या काठाची चिंधी बांधली. कोणी म्हणजे मीच; घरात तिसरं होतं कोण? पाडवा झाला आणि आठवड्यात ती गेली. दोडका वेलावरच राहिला. तो वाळेपर्यंत वेल जगवायचा, नाहीतर बी पोचट निघणार, एवढं मला ठाऊक होतं. तिनं हातात घेतलेलं तेवढं एकच काम पुरं व्हायचं होतं.

पावसाळ्यात पंचगंगा गावात शिरते आणि वैशाखात नळ एक दिवसाआड, तोही रडतखडत! नळाचं पाणी झाडाला घातलेलं तिला कधी खपलं नाही. तांदूळ, भाजी, भांडी धुतलेलं पाणीच वेलाला जायचं. मीही तेच करायला गेलो आणि पहिल्याच आठवड्यात साबणाचं पाणी ओतून खालची पानं पिवळी करून ठेवली. पहिलं पाणी झाडाला, साबणाचं मोरीत. चाळीस वर्षं ती हे माझ्या डोळ्यांदेखत करत होती आणि मी पेपर वाचत होतो.

मग शिस्तीनं करू लागलो. पण एक ताट, एक वाटी, मूठभर तांदूळ; त्याचं पाणी ते किती निघणार? मी दोघांपुरता तांदूळ धुऊ लागलो. दुपारी भात, रात्री भात, सकाळी फोडणीचा भात. तेही पुरेना, तेव्हा एकदा फळीवरचं तिचं स्वच्छ ताट काढून धुतलं आणि तिथंच बसून ढसाढसा रडलो.

शेजारच्या भाभींना भिंतीपलीकडं ऐकू गेलं असावं. हिच्याशी त्यांचं रोजचं बोलणं होतं. दुसऱ्या दिवशी तांदळाच्या धुवणाची बादली घेऊन दारात उभ्या.

"भाऊजी, एका ताटाच्या पाण्यावर येल जगतोय व्हय? आमच्यात सात ताटं हायती. रोज आणून देतो की."

मला रागच आला. आमच्या घरचं आम्ही बघू, असं तोंडावर आलं होतं. आम्ही म्हणजे कोण, हे मनात आलं आणि मुकाट्यानं बादली घेतली.

मिरगाच्या तोंडावर दोडका वाळून खुळखुळू लागला. चिंधी सोडवून कपाटात ठेवली. बिया काळ्याभोर, टणक निघाल्या. सगळ्या कागदात बांधून भाभींना नेऊन दिल्या.

"सगळ्याच? आणि तुमच्यात?"

"आमच्यात पाणी निघत न्हाय, भाभी."

त्यांनी पुडी पदराच्या टोकाला बांधली.

घरी आलो. आता दोघांचा तांदूळ धुवायला काही निमित्त उरलं नव्हतं. मूठभर घेतला.