आईचं अस्वल

स्वातंत्र्यानंतर आमची रियासत विलीन झाली आणि बाबांची फौजेतली नोकरी गेली. ते दौलतगंज बाजारात एका कापडदुकानाचे पहारेकरी झाले. मालकांच्या मुलांनी टाकलेलं हिंदी चित्रपुस्तक त्यांनी माझ्यासाठी आणलं. आईला वाचता येत नसे. चित्रं बघून ती मराठीत गोष्ट सांगायची, मी हुंकार द्यायचे. तिच्या गोष्टीत अस्वलीण रुसलेल्या पिल्लाला थोपटायची.

हिंदी शाळेत आमच्या बाईंनी, बहनजींनी, तेच पुस्तक वाचलं. पिल्लू आजारी निघालं!

“बहनजी, ग़लत है, मेरी माँ ऐसे नहीं सुनाती,” मी ठणकावलं.

“इसकी माँ ने लिखी है किताब!” मागून एक मुलगी ओरडली. वर्ग हसला.

घरी मी रडत सांगितलं. आईनं पुस्तक माझ्या हातात ठेवलं, म्हणाली, “बरं बाई, आता तू वाच. हुंकार मी देते.”

मी वाचत गेले. आमच्या घरातली पहिली बी.ए. मीच झाले.