मेजरिंग टेप घेऊन अलिबागच्या हळदीला

ही ट्रिप ठरली ती मधुराच्या रडगाण्यामुळे. मधुरा माझी शाळेपासूनची मैत्रीण. गाड्यांची धडक झाली की आतल्या माणसाचं नेमकं काय मोडतं, कसं मोडतं आणि का मोडतं, यावर ती संशोधन करते. तिच्याबरोबर गाडीत बसणं हा वेगळा छळ आहे. डॅशबोर्डवर पाय टाकलेत की लगेच म्हणणार, "आत्ता एअरबॅग उघडली तर तुझे गुडघे तुझ्याच तोंडावर येतील." मग प्रवासभर आपण शहाण्या मुलीसारखे बसून.

तर तिला हव्या होत्या आज्या. गाडीच्या मागच्या सीटवर आपल्याकडच्या वयस्क बायका कशा बसतात, पट्टा त्यांच्या अंगावर नेमका कुठून जातो, याची मापं. "धडकेच्या चाचणीतला पुतळा ताठ बसतो गं," ती म्हणाली. "मांडी घालणारा, डबा मांडीवर घेणारा पुतळा मी अजून बघितला नाही." निदान वीस आज्या हव्या होत्या. तीन महिन्यांत मिळाल्या चार, आणि त्यातली एक तिची स्वतःची आई.

मी म्हटलं, शनिवारी आमच्याकडे पोयनाडजवळ हळद आहे. आगऱ्यांची हळद. पाहिजे तेवढ्या आज्या मोजून घे.

शनिवारी सकाळी सात वाजता मधुराच्या गाडीने कामोठ्याहून निघालो. आधी उरणकडे, आत्याला घ्यायला. न्हावा शेव्याच्या कंटेनरांमागून सरकताना मधुरा प्रत्येक ट्रेलरच्या मागच्या बंपरची उंची बघून हळहळत होती. तुम्ही जाणार असाल तर सातच्या आधी निघा. मधुरा सोबत असेल तर पाचला.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. वय सहासष्ट, आवाज वरातीतल्या बँजो पार्टीच्या तोडीचा, डावा पाय जरा ओढत चालते. जरीची साडी, केसांत गजरा, मांडीवर तांदळाच्या पापडांचा डबा. मागे बसली, एक पाय वर घेतला आणि म्हणाली, "चला."

"आत्या, पट्टा," मधुरा म्हणाली.

"कनाला? साडी चुरगलेल. आनि मी काय म्होरं बसलेय?"

मधुराने किल्ली काढून पर्समध्ये टाकली. अंगणात दहा मिनिटं कोणी हललं नाही. शेजारच्या दोन बायका बघायला आल्या. शेवटी आत्याने पट्टा ओढला तो इतक्या रागाने की तो जागीच अडकला. "बग, त्यालाच नाय यायचा माज्याकरं."

मग मधुराने तिला समजावलं. पट्टा पोटावर नको, खाली, कमरेच्या दोन्ही बाजूंच्या हाडांवर बसला पाहिजे. हाड मार सोसतं, आतडं सोसत नाही. आणि पाय वर घेऊन बसलं की धडकेत माणूस पट्ट्याखालून पुढे घसरतो, मग पट्टा थेट पोटात रुततो. आत्याने ऐकून घेतलं, पाय खाली सोडला आणि म्हणाली, "आदी सांगाचा ना असा. किल्ली कनाला लपवतेस?"

खोपटा पूल, चिरनेर करत खारपाड्याला गोवा हायवेला लागलो. पेणला मिसळ खाल्ली, ऐंशी रुपये प्लेट, पाव मऊ, तर्री जहाल. वडखळला ट्रॅफिक होतं. ते असणारच, मनाची तयारी ठेवा.

हळदीच्या घरी पोचलो तेव्हा मांडवात मटणाची हंडी चढली होती. मधुराने गाडी मांडवाशेजारी लावली, टेप काढली आणि पहिल्याच आजीकडे जाऊन नम्रपणे विचारलं, "तुमच्या कमरेचं माप घेऊ का?"

"माज्या नवऱ्यानं नाय घेतला कवा. तू कोन?"

सगळा मांडव हसला. मधुराचे कान लाल. तिने पुढे दोन-तीन जणींना विचारून बघितलं, पण सगळ्या तोंडाला पदर लावून पळाल्या. शेवटी ती बिचारी प्लास्टिकच्या खुर्चीत जाऊन बसली.

तेवढ्यात आत्या उठली. मांडवाच्या मधोमध उभी राहून तिने भाषणच ठोकलं. "ए बायांनो! गारी बनवनाऱ्यांना आपून कशा बसतो ते म्हाईतच नाय. त्यांना वाटतं सगल्या बायका पुतल्यासारख्या बसतान. ही पोर त्यांना सांगनार हाय. नंबर लावा. आनि मापाच्या वक्ताला पोट आत घेऊ नका, खोटारऱ्यांनो!"

रांग लागली! दुपारी चारपर्यंत बावीस आज्या झाल्या. गाडीच्या मागच्या सीटवर कोणी मांडी घालून बसली, कोणी दाराला पाठ टेकून आडवी. एकीने गजरा चेंगरू नये म्हणून पट्टा पाठीमागून घेतला. आत्या गाडीच्या दारात उभी राहून मापं मोठ्याने ओरडत होती, त्यामुळे सगळ्या मांडवाला सगळ्यांची कंबर कळली. दोन जावांचं त्यावरून वाजलंसुद्धा.

शेवटी नंबर आत्याचा. मधुराने तिला साडी जरा वर घेऊन दोन्ही गुडघे सारखे वाकवायला सांगितले आणि टेप लावता लावता थांबली. मलाही दिसलं. डाव्या गुडघ्याखालचं हाड उजव्यापेक्षा जरा मागे गेलेलं होतं, खाली एक आडवा व्रण.

"आत्या, हे कशाने झालं?"

"मोरीत परले. वीस वर्सं झाली."

"पडूनही होतं असं," मधुरा सावकाश म्हणाली. "पण वाकलेला गुडघा समोरून जोरात आपटला की हमखास होतं. गाडीत पुढे बसलेल्यांचा गुडघा डॅशबोर्डवर आपटतो ना, तसं."

आत्याने माझ्याकडे बघितलं. मग मांडवाकडे. मग म्हणाली, "पोरी, काच वर कर."

मी आत शिरून दार लावलं, काच वर केली.

वीस वर्षांपूर्वी बाबांनी जुनी व्हॅन घेतली होती. गावच्या घरात पूजा होती, सगळे आत. किल्ली नेहमीसारखी गाडीतच. "मना फकत बगाचा होता, कसा वाटतं," आत्या म्हणाली. उतारावरून मिठागराच्या रस्त्याला लागेपर्यंत तिला भारी वाटलं. मग ब्रेक कुठला ते आठवेना. गाडी बांधावर आदळली. ती लंगडत घरी आली, मोरीत जाऊन बसली आणि बोंब ठोकली.

लोकांना मिठागरात नुसती गाडी सापडली. सगळ्यांनी ठरवलं, बाळ्याने हँडब्रेक लावला नाही. बाळ्या म्हणजे माझे बाबा. तेव्हापासून नातेवाइकांत त्यांचं नाव 'हँडब्रेक' आहे. आमच्या सोसायटीच्या सपाट पार्किंगमध्येही ते चाकाखाली वीट लावतात.

मी हसू दाबायचा खूप प्रयत्न केला. जमलं नाही. मधुराने पुढच्या सीटच्या पाठीवर डोकं टेकलं. आत्याही हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. "आता उद्या तुज्या घरा जाऊ," ती म्हणाली. "सांगून टाकते."

रविवारी परतीला येताना पेणला पोहे पापड घेतले. पेट्रोल दोन्ही दिवसांचं मिळून दीड हजाराच्या आत बसलं. या वेळी आत्याने पट्टा न सांगता लावला होता.

बाबा पेपर वाचत होते. आत्याने उभ्या उभ्या सगळं सांगितलं. बाबांनी पेपर बाजूला ठेवला, चष्मा काढला आणि तिच्या पायाकडे बघितलं.

"बाय, मग डाक्टरला दाखवला नाय तू?" मोठ्या बहिणीला ते बायच म्हणतात.

"काय सांगून दाखवनार होते?"

"येवरी वर्सं दुखतंय तुजा?"

आत्या खाली बसली. बाबा उठून तिच्या शेजारी बसले. मी आणि मधुरा उगाच किचनमध्ये गेलो.

मधुराला तिच्या आज्या मिळाल्या. मला, खरं सांगायचं तर, गाडीत बसलेला प्रत्येक माणूस आता आधी हाडं आणि मग नातेवाईक दिसतो. आणि आत्यासाठी हाडांच्या डॉक्टरकडे बुधवारची वेळ घेतली आहे. वीस वर्षांनी गुडघ्याचं कितपत होईल ते मधुरालाही सांगता येत नाही. व्यायामाने आधार तरी मिळेल, एवढंच म्हणाली.

त्या रविवारी चहा घेऊन किचनमधून बाहेर आलो तेव्हा बाबा फोनवर होते. स्पीकर चालू. आधी मोठ्या काकांना लावला, मग उरणच्या मामांना, मग पोयनाडला, जिथे लग्नघर सोमवारच्या लग्नाच्या ऐन गडबडीत होतं. पहिल्या फोनवर ते ठणकावून म्हणाले, "हँडब्रेक मी लावला होता!" दुसऱ्यावर तेच, जरा हळू.

तिसऱ्या फोनपर्यंत त्यांना हँडब्रेकची आठवणच राहिली नव्हती. "आमच्या बायनं चालवली," ते सांगत होते. "एकटीनं. कोनी शिकवला नाय. पार मिठागरापर्यंत, सरळ!"