तीन जोड्या पानं

१९६० च्या मे महिन्यात आम्ही गोंदियाजवळचं गाव सोडून भिलाईला आलो. बाबांना रशियाच्या मदतीनं उभारलेल्या पोलाद कारखान्यात नोकरी लागली होती. मी दहा वर्षांची होते. फलाटावर आईनं बाबांकडून शब्द घेतला, "मले तिथं नाई गमलं, त पोळ्याले वापस आनून द्याचं."

"आनून देईन ना," बाबा म्हणाले.

सेक्टरमधली सगळी क्वार्टर्स एकसारखी होती. आईनं पेटी उघडली, पण पितळी डबे फळीवर लावले नाहीत.

जुलैत क्वार्टरमागे तरोटा, म्हणजे टाकळा, उगवला. तिकडे त्याला चरोटा म्हणतात. आई भाजी खुडायला बसली, तेव्हा शेजारच्या रशियन इंजिनिअरची बायको, निना, येऊन तिच्याजवळ बसली आणि खुडू लागली. आईनं तिचा हात धरला.

"ए बाई! तो कासविंदा होय. खाशीन त बिमार पडशीन."

मग दोन्ही डहाळ्या शेजारी धरून दाखवल्या. तरोट्याला पानांच्या तीन जोड्या, टोक गोल. कासविंद्याला जोड्या जास्त, टोक अणकुचीदार, चुरगाळला की घाण वास.

दुसऱ्या दिवशी निना एक वही घेऊन आली. तीत तिच्या मुलखातल्या प्रिमरोझ या रानफुलाचे तीन प्रकार दाबून ठेवले होते. पहिल्याच्या प्रत्येक देठावर एकच फिकट फूल. दुसऱ्याच्या दांड्यावर फिकट फुलांचा गुच्छ, सगळी फुलं एकीकडे झुकलेली. तिसऱ्याचाही गुच्छच, पण गडद पिवळा, आणि फुलाच्या आत नारिंगी ठिपके. या तिसऱ्याच्या सुरकुतलेल्या पानावर बोट ठेवून निना म्हणाली, "ये खाना. हमारा घर, अप्रैल." नाव सांगायला तिनं डोक्यावर दोन बोटं धरली आणि मेंढीसारखी ओरडली.

"मेंढरूभाजी!" आई हसली. भिलाईत आल्यापासून पहिल्यांदाच.

पोळ्याच्या आठवड्यात बाबांनी विचारलं, "मंग, टिकट काढू का?"

"निनाले अजून तरोटा वळखता येत नाई," आई म्हणाली. "कासविंदा खाल्ला त कोन पाहीन तिले?"

बाबांनी तिकीट काढलं नाही. दिवाळीआधी डबे फळीवर गेले. पुढच्या पोळ्याला त्यांनी विचारलंही नाही.

निना दोन वर्षांनी परत गेली. जाताना तिसऱ्या फुलाचा कागद तिनं वहीतून फाडून आईला दिला. त्या जागी आईनं तरोट्याची डहाळी ठेवली. पानांच्या जोड्या निनानं स्वतः मोजल्या. तीन.

तो कागद आता नागपूरला माझ्या घरी आहे. ठिपके पुसट झालेत. आईला लिहिता येत नव्हतं, म्हणून फुलाचं नाव तिनं माझ्याकडून लिहून घेतलं होतं. पुढे गाव कुठलं लिहू, असं मी विचारलं.

"इथलंच लिव."

कागदावर लिहिलं आहे : मेंढरूभाजी, भिलाई.