आहेरातले दहा लाख

नोटा जमवण्याचा मला जुना नाद. आता त्या नादाची किळस येते.

सोव्हिएत संघ फुटल्यावर जॉर्जियाने स्वतःचं धड चलन येईपर्यंत घाईघाईत कागदी कूपनं छापली होती. महागाई अशी भडकली की दहा लाखांचंही कूपन निघालं. शेवटी लारी हे नवं चलन आलं, तेव्हा त्या दहा लाखांची एक लारी झाली. माझ्याकडे टपालाने तसली दोन कूपनं आली होती. शाळेतल्या एका सहकाऱ्याने जास्तीचं मागून घेतलं. कशाला, ते मागच्या उन्हाळ्यात कारंज्याहून कामरगावला जाताना जीपमध्ये कळलं. आमच्या शिपायाच्या मुलीचं लग्न होतं आणि आम्हा शिक्षकांच्या आहेराच्या पाकिटात या पठ्ठ्याने ते कूपन घातलं होतं. मीही खो खो हसलो. ते हसू आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

आमच्याकडे आहेर माइकवरून पुकारतात. कोणाचे एकशे एक, कोणाचे पाचशे एक, सगळ्या मांडवाला कळतं. मुलीच्या मामाने आमचं पाकीट फोडलं, शून्यं बोटाने मोजली आणि ओरडला, "मास्तर लोकायकडून दहा लाख!"

मांडवातल्या सगळ्या माना आमच्याकडे वळल्या. मग आमच्या खुर्च्यांवरून खिदळणं सुरू झालं. सहकारी तर मांडीवर थापा मारत होता. बघून बघून वरपक्षही हसायला लागला, कशाला हसतोय हे माहीत नसताना.

शिपाई हसला नाही. धावत आला आणि पाकीट माझ्यापुढे धरलं.

"सर, इतके पैसे कायले देले? मले नाई पेलत. वापस घ्या. तुमी आले, तेवढंच पुरे."

तेव्हाच सांगायला हवं होतं की हा कागद रद्दी आहे, आम्ही तुमची टिंगल केली. पण चारचौघांत तोंड उघडायची माझी छाती झाली नाही. उलट त्याच्या खांद्यावर हात ठेवून मोठेपणाने म्हणालो, "राहू दे रे, पोरीसाठी आहे."

त्याचे डोळे भरून आले. माझ्याहून दहा वर्षांनी मोठा माणूस, भर मांडवात वाकून माझ्या पाया पडला. मुलीला आणि जावयालाही पडायला लावलं. मग आम्हाला पहिल्या पंगतीत बसवून त्याने स्वतः बुंदी वाढली. मी ती दुसऱ्यांदाही घेतली.