देसायांचं सांबर

दुपारचं जेवण झालं की परसूमिस्त्री सोप्यातल्या खाटेवर आडवे होतात. डोळा लागतो न लागतो अशा वेळी आत सून मालन भांडी घासत असते, तो आवाज कानावर येत राहतो. मग तो बारीक होतो आणि त्याची कानस होते. लोखंडावर कानस चाललेली. बघतात तर ते स्वतःच आपल्या जुन्या दुकानात लेथपुढं उभे आहेत, आणि स्टुलावर रवळोजीराव देसाई बसलेत. देसाई वारून अकरा वर्षं झाली. मिस्त्री मयतीला गेले होते, सगळं लक्षात आहे. तरी त्यांना नवल वाटत नाही.

"झाली का रं माझी रायफल?" देसाई विचारतात.

"झालीच म्हणा, रावसाहेब."

रायफल परदेशी. खालचा लिव्हर पुढं लोटून मागं ओढला की रिकामं काडतूस बाहेर, नवं आत. तिची मूळची काडतुसं मिळेनात, तेव्हा नळीच्या बुडातलं काडतुसाचं घर पोखरून मिस्त्रींनी ते दुसऱ्या, मोठ्या काडतुसाला बसवून दिलं. साल एकोणसत्तर. त्या काळी परवाना काढून शिकार करता यायची. चंदगडच्या रानात तसली दुसरी रायफल नव्हती. पण देसायांना घाई होती, आणि घर आतून गुळगुळीत करायचा शेवटचा हात मिस्त्रींनी फिरवलाच नाही.

दुकानाची जमीन पायाखाली कुरकुरते. वाळला पाला आहे. लेथच्या पलीकडं, करवंदीच्या जाळीला लागून सांबराचा नर मान वर करून उभा. देसाई नेम धरतात. बार होतो. नर पुढच्या गुडघ्यांवर येतो आणि पुन्हा उठतो. देसाई लिव्हर लोटतात, तो हलत नाही. खडबडीत घरात काडतूस फुगून बसलंय. नर जाळीत शिरतो.

तेव्हाही हे असंच झालं होतं. तीन दिवस देसाई रक्ताचा माग काढत हिंडले, हात हलवत परतले आणि रायफल जी खुंटीला टांगली ती कायमची.

"काडतूस जुनं असंल," मिस्त्री म्हणतात.

"व्हय. तवा बी हेच म्हणालास." देसायांच्या आवाजात राग नाही. "चल, गाडी लागली असंल."

दोघं चंदगडच्या एसटी स्टँडवर बाकड्यावर बसलेत. फलाटावरून ओढा वाहतोय, घोट्याइतका. बाया लुगडं वर धरून तो ओलांडतात आणि गाडीची चौकशी करतात.

"एकच सांग," देसाई म्हणतात. "त्यो नर वाचला का रं? मी मरेस्तोवर धरून चाललो व्हतो की जखम भरून आली असंल. सांबर लई चिवट."

वाचला म्हणावं, असं मिस्त्रींच्या मनात येतं. गेलेल्या माणसापाशी खोटं बोललं तर कुणाचं काय बिघडतंय? पण जीभ वळत नाही.

"न्हाई, रावसाहेब. तुम्ही शोध सोडलासा, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी एकटाच गेलतो. मला घावला. ओढ्याच्या वरच्या अंगाला, तोंड पाण्यात."

"लवकर मेला असंल?"

"न्हाई. मला घावला त्याच सकाळी. अंगात ऊब व्हती अजून."

देसाई बोटांवर मोजतात. चार दिवस. मग हात मांडीवर ठेवतात.

"सांगितलं का न्हाईस?"

"ते सांगितलं असतं तर दुसरा बार का झाला न्हाई, हे बी सांगावं लागलं असतं. काडतूस नवं व्हतं. घर मी खडबडीत ठेवलं व्हतं."

"हं," देसाई म्हणतात.

पाण्यातून गाडी येते, आवाज न करता. देसाई उठतात आणि रायफल मिस्त्रींच्या हातात देतात.

"काडतूस काढ त्यातलं. तूच काढ."

मिस्त्री लिव्हरमध्ये बोटं घालून जोर लावतात. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा लिव्हर अचानक सुटतो, बोटं लोखंडावर खरवडून निघतात आणि काडतूस उडून पाण्यात पडतं. ते मान वर करतात तोवर देसाई खिडकीपाशी जाऊन बसलेत. नजर समोर. हात करत नाहीत.

"मामा, चहा ठेवलाय."

मालन उंबऱ्यात उभी आहे. ऊन पायरीवर आलंय. मिस्त्री उठून बसतात आणि कपाकडं हात करतात.

"अगं बाई! हे कशानं लागलं?"

उजव्या हाताच्या तीन बोटांची पाठ एका ओळीत सोललेली. रक्त ओलं आहे. खाट सुंभाची, तिला कुठं खिळा नाही, आणि भिंत दोन हात लांब. मालन हळद आणायला वळते.

मिस्त्री हात उजेडात धरतात, उलटसुलट करून बघतात.

"लिव्हरचं हाय," ते म्हणतात.